निकम हवालदारांचा शनिवार

शुक्रवारची दुपारची सुट्टी संपली, की निकम हवालदार शाळेच्या जिन्याखाली उभे राहायचे आणि वर जाणाऱ्या प्रत्येक पोराला तोंड उघडायला लावायचे. पोरगं 'आ' करायचं. हवालदार कमरेत वाकून, डोळे मिटून त्याच्या तोंडाचा वास घ्यायचे. त्या वेळी बाकीच्या रांगेनं हालचाल केलेलीही त्यांना चालत नसे.

"पुढं चल. तू बी चल. ए, तू थांब. रस्सा खाल्लायस."

"नाही सर. कांदा खाल्लाय."

"कांद्यासंगं कोन व्हतं?"

पोरगं रडकुंडीला यायचं. मग हवालदार त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि फार मायेनं म्हणायचे, "माजा इस्वास हाय रं तुज्यावर. परत आ कर."

ही हकिगत सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. एकाहत्तरची लढाई होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. गावात मिशनची कॅथलिक शाळा होती आणि मी तिथं मराठी शिकवायला नुकताच लागलो होतो. आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं. आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिलाच. नोकरी देताना मुख्याध्यापक फादर मायकल यांनी मला वशिला विचारला नाही की ओळख विचारली नाही. एक धडा शिकवा म्हणाले आणि स्वतः मागच्या बाकावर पोरांबरोबर बसून तो ऐकला. त्या गोष्टीसाठी मी आजही त्यांचं नाव आदरानं घेतो. राहायला मला बोर्डिंगच्या आवारातच एक खोली दिली होती, त्यामुळे निकम हवालदार हे प्रकरण मला फार जवळून पाहायला मिळालं.

हवालदार पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. शाळेत ड्रिल शिकवायचे आणि बोर्डिंगची शिस्त सांभाळायचे. मूळ मलकापूरच्या बाजूचे, मराठा, देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक. म्हणजे शुक्रवारचा हा नियम त्यांच्या घरचा नव्हेच. ईस्टरच्या आधी कॅथलिक लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो, त्यातल्या शुक्रवारी ते मांस खात नाहीत. शाळेच्या फाटकासमोर एक खानावळ होती आणि नेमकं शुक्रवारीच तिथलं मटण फर्मास होतं, अशी बोर्डिंगच्या पोरांची ठाम समजूत होती. फादर एकदा सहज बोलून गेले, "हवालदार, शुक्रवारी मुलांवर जरा लक्ष असू द्या." सहज बोललेलं काही असतं, हे हवालदारांना माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी तो हुकूम झाला.

पोरांपुरतं एक वेळ ठीक होतं. एका शुक्रवारी त्यांनी मलाही जिन्यात अडवलं.

"हवालदार, मी हिंदू आहे."

"मी बी हाय. आ करा."

"अहो, पण आपल्याला कुठं शुक्रवार असतो?"

"मास्तर, वार म्हंजे वार. ज्याच्या छपराखाली ऱ्हायाचं, त्याचा वार पाळायचा. आ करा."

मी आ केलं. मागं सातवीचा सगळा वर्ग उभा होता.

आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या डिसोझाबाई जन्मानं कॅथलिक. बाई दर सकाळी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायच्या, पण हवालदारांच्या यादीत संशयितांमध्ये त्यांचा नंबर वरचा होता. एकदा बाईंच्या डब्यात सुके बोंबील निघाले. हवालदार डबा उचलून थेट फादरांच्या ऑफिसात. मागोमाग बाई, आणि बाईंच्या मागं आम्ही.

"फादर, शुक्करवार आन बोंबील!"

फादर म्हणाले, "मासे चालतात, हवालदार."

"चालत्यात? बोंबलाला जीव नसतोय?"

"असतो. पण मासे चालतात. जुनी रीत आहे."

"कुनी पाडली ही रीत?"

"ते मला सांगता येणार नाही," फादर हसत म्हणाले. "पण येशूचे पहिले शिष्य कोळी होते, एवढं मात्र खरं."

हवालदारांनी डबा शांतपणे बाईंच्या हातात दिला. "मग बराबर. म्हंजे हितं बी वशिला हाय."

उपवासकाळ सुरू होतो त्या बुधवारी फादर सगळ्या कॅथलिक मुलांच्या कपाळाला राख लावत. हवालदारांच्या दृष्टीनं तो अंगारा. चर्चमधून पोरं बाहेर आली, की हे पाण्याच्या नळावर पहारा देत उभे. "अंगारा पुसायचा न्हाई. सांजच्याला कपाळ चेक व्हईल." आता मार्चच्या तोंडाचं ऊन, त्यात पोरं खेळणारी. घामानं राख कधीच गेलेली असायची. मग पोरं गुपचूप बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात जाऊन चुलीतली राख लावून यायची. हवालदार एकेकाच्या कपाळावर बोट फिरवून ते बोट नाकाशी न्यायचे. "ही चुलीतली. ही बी चुलीतली. ह्याला तर भाकरीचा वास येतोय!" आणि मग निराशेनं आमच्याकडं वळून, "मास्तर, देवाच्या दारात बी चेकिंग पायजे बगा. देव भोळा हाय."

एकूण माणूस असा. दुसऱ्याच्या धर्मातला प्रत्येक नियम डोळ्यांत तेल घालून पाळायला लावणारा, आणि जगात कुणावरही, त्यांच्याच शब्दांत, 'इस्वास' असूनही शक घेणारा.

त्यामुळं शनिवारचा प्रकार माझ्या लक्षात आला तेव्हा मला फार चमत्कारिक वाटलं.

कॅथलिक चर्चमध्ये पापनिवेदनाची एक लाकडी पेटी असते. पेटी कसली, उभं कपाटच. मधल्या कप्प्यात फादर बसतात, बाजूच्या कप्प्यात येणारा माणूस गुडघे टेकतो. दोघांच्या मध्ये बारीक जाळी असते. माणसानं आपली चूक जाळीतून सांगायची, फादरांनी ऐकायची, त्याला क्षमेचे शब्द सांगायचे. शनिवारी संध्याकाळी बोर्डिंगची पोरं रांगेनं आत जायची. ती त्या पेटीला 'पापाची पेटी' म्हणत. हवालदार रांग सांभाळत. पण शेवटचं पोरगं बाहेर पडलं, की हवालदार इकडंतिकडं बघत, टोपी काढून काखेत धरत आणि स्वतः आत शिरत.

माझ्या खोलीच्या ओट्यावरून चर्चचं बाजूचं दार दिसे. पोरं पेटीत जायची आणि बाहेर यायची, एकेकाला काय तो वेळ लागे? हवालदार एकदा आत गेले, की बाहेर दिवेलागण होऊन जाई. बोर्डिंगचा आचारी फादरांचं ताट झाकून दारात बसलेला असे. एकदा तो मला म्हणाला, "गुरुजी, एवढी पापं या माणसाला करायला वेळ कधी मिळतो?"

हा प्रश्न मग शिक्षकांच्या खोलीत आला आणि तिथंच मुक्कामाला राहिला. हिंदू माणूस पापनिवेदनाला जातो कसा? आणि सांगतो काय? आमचे गणिताचे शिक्षक म्हणाले, लढाईत काहीतरी झालं असणार. कारकून म्हणाला, छे, पलटणीच्या कॅन्टीनची रम विकत असेल. डिसोझाबाईंनी आधी दाराबाहेर डोकावून पाहिलं. मग त्यांनी हळूच सांगितलं, "तुम्हाला कळत नाही. हा माणूस आपले रिपोर्ट देतो."

मग हे सगळ्यांनाच पटलं. आमची सगळ्यांची वागणूक सुधारली ती तेव्हापासून. गणिताचे शिक्षक घंटेच्या आधी वर्गात जाऊ लागले. डिसोझाबाई हवालदारांना सुकटीची चटणी द्यायला लागल्या, अर्थात शनिवारच्या आत. मीही वर्गात खुर्चीवर बसायचं सोडून दिलं.

एकदा मी धीर करून विचारलंच. "हवालदार, शनिवारी एवढं आत काय बोलता?"

त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. "मास्तर, तुमी माजं चेकिंग करताय व्हय?"

तिथं माझा धीर संपला.

शाळेबाहेर गावानं मात्र वेगळाच अर्थ काढला होता. त्या गावाला मिशनचा संशय जुना. दुष्काळात मिशननं दुधाची पावडर वाटली, तेव्हा ती पिता पिता गाव म्हणत होतं, यांचा हेतू काय? त्यामुळं हवालदार पेटीत जातात हे कळल्यावर गावाला विचार करायची गरजच पडली नाही. न्हाव्याच्या दुकानात निकाल लागला. हवालदार बाटला. तिथून ही बातमी एस.टी.नं तासगावला गेली. आणि तासगावला जायला नको होती, कारण तिथं हवालदारांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

सुमन ही त्यांची एकुलती एक. आई वारलेली. शाळेमागं दोन खोल्या भाड्यानं घेऊन बापलेक राहत. मुलगी शांत, मॅट्रिक झालेली. तासगावचे दौलततात्या म्हणजे द्राक्षबाग, बेदाण्याची शेड असलेलं खातंपितं घर. त्यांच्या थोरल्या मुलाशी सुमनची सुपारी फुटली होती, अक्षय्यतृतीयेचा मुहूर्त धरला होता. हवालदारांनी मांडववाला सांगितला होता. गुलालापासून पत्रावळीपर्यंत प्रत्येक गोष्टीवर शक घेऊन झाला होता.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, म्हणजे ईस्टरच्या आठवडाभर आधीच्या शनिवारी, तात्या स्वतः आले.

त्या रविवारी हातात झावळ्या घेऊन मिरवणूक काढायची कॅथलिकांची रीत आहे. आमच्याकडं ओढ्याकाठच्या शिंदीच्या झावळ्या आणत. मिरवणुकीची तालीम हवालदारांकडं होती. त्यामुळे तात्या फाटकातून आत आले, तेव्हा त्यांनी काय पाहिलं असेल? त्यांचा होऊ घातलेला व्याही ग्राउंडच्या मध्यभागी उभा. समोर शिंदीच्या झावळ्या खांद्याला लावलेली पोरं. आणि हा खड्या आवाजात हुकूम देतोय, "चर्चच्या बाजूनं, सलामी शस्त्र!" सगळ्या झावळ्या एकदम उभ्या राहिल्या आणि हवालदारांनी चर्चला कडक सॅल्यूट ठोकला.

तात्या जागीच थांबले. त्यांच्या मागून येणाऱ्या त्यांच्या मंडळीही थांबल्या.

मी पुढं झालो. तात्या जाडजूड, पांढरं धोतर, कोटाच्या खिशात बेदाणे. विचार करायची वेळ आली, की ते एक बेदाणा तोंडात टाकत. त्यांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुमी कोरेगावकडचं. म्हंजे आपल्यातलंच. खरं सांगा, बाटलाय न्हवं?"

"मला नाही तसं वाटत, तात्या."

"वाटत न्हाई म्हंजे ठावं न्हाई."

हे खरंच होतं. मी त्यांना फादरांच्या ऑफिसात नेलं. तात्यांच्या पत्नी, काकू, आत आल्या नाहीत. डोक्यावरचा पदर पुढं ओढून त्या दाराबाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या. मी खुर्ची न्यायला लागलो, तसं तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हो. ती बसती भाईरच." आणि मला मात्र हाताला धरून आत बसवलं. आपल्यातला एक साक्षीदार हवा म्हणून.

फादर मायकल मूळचे वसईकडचे, त्यामुळे मराठी बोलायची अडचण नव्हती. तात्यांनी सरळ विषयाला हात घातला.

"फादर, निकम बाटलाय का?"

"नाही. बाप्तिस्मा होतो तो चर्चमध्ये सगळ्यांसमोर होतो. निकमांचा झालेला नाही."

"मग त्या पेटीत काय करतोय?"

"ते मी सांगू शकत नाही."

"म्हंजे हाय काय तरी."

"आहे की नाही, हेही सांगू शकत नाही."

तात्यांनी एक बेदाणा तोंडात टाकला. "तुमच्या वरच्या सायबानं इचारलं तर?"

"नाही."

"कलेक्टर आला तर?"

"नाही."

"तुमच्या आईनं इचारलं तर?"

"तिला तर मुळीच नाही," फादर म्हणाले. "तात्या, आमच्यात त्या जाळीतून आलेलं बाहेर काढायचं नाही, असा नियम आहे. निकम आमच्या धर्माचे नाहीत, पण जागा तीच आहे. मी तिथं दोन नियम करू शकत नाही."

एवढ्यात हवालदार आले. तात्यांना पाहून त्यांचा चेहरा फुलला. हातातली झावळी कुठं ठेवावी हे न कळून ती तशीच धरून त्यांनी रामराम घातला. तात्यांनी रामराम घेतला नाही.

"निकम, गाव म्हंतंय तू बाटलास. फादर म्हंत्यात न्हाई. बरं, न्हाई तर न्हाई. पर त्या पेटीत मान्सं पाप सांगत्यात. मग दर शनवारी तू कुनाचं पाप सांगतोस?"

हवालदारांनी झावळी दुसऱ्या हातात घेतली.

"तुजं म्हनावं, तर येवडं काय असनार? तुज्या घरात दुसरं कोन हाय? पोरगी. आई न्हाई तिला. बाप दिसभर शाळंत..."

त्यापुढचं वाक्य तात्यांनी पुरं केलं नाही, पण आम्हा सगळ्यांना ते ऐकू आलं. फादर खुर्चीत ताठ झाले. हवालदार सावधानमध्ये उभे राहिले. आता हा माणूस तात्यांना मारतो की काय, असं मला वाटलं. पण आवाज निघाला तो अगदी बारीक.

"तात्या, मला बाटगा म्हना. तासगावात दवंडी द्या. पर पोरीचं नाव त्यात घिऊ नगा. हे लगीन मोडलं, तर बापापायी मोडलं असं कुनी म्हननार न्हाई. पोरीतच खोट म्हंतील. जलमभर म्हंतील."

"मग सांग की काय बोलतोस ते. माजी बी पोराची गोष्ट हाय."

हवालदारांनी फादरांकडं पाहिलं. "फादर, तुमीच सांगा. माजी परवानगी हाय."

"तुमच्या परवानगीनंही मला सांगता येत नाही, हवालदार. तुमचं आहे, तुम्हीच सांगा."

हवालदारांनी दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा 'तात्या' एवढंच म्हणून थांबले. मान खाली गेली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पलटणीतला माणूस, पण लग्नाच्या पोरीनं लाजावं तसा लाजत होता. मला काही कळेना. शेवटी ते म्हणाले, "हितं समोर न्हाई जमायचं. जरा दार लोटतो." आणि ते ऑफिसच्या बाहेर गेले. दार त्यांच्यामागं लागलं.

"पळाला!" तात्या म्हणाले.

"तात्या," दारापलीकडून आवाज आला. "आयकू येतंय का?"

तात्यांनी आमच्याकडं पाहिलं. "येतंय. बोल."

"आमचं खटलं लय मोठं व्हतं. वडील कडक. सोप्यात बसल्यालं असायचं. सासऱ्याम्होरं सून दिसायची न्हाई. मी वर्सा-दोन वर्सांनी रजंवर यायचा, पर मंडळीसंगं समोर बसून चार शब्द बोलायची सोय न्हवती. घर मान्सांनी भरल्यालं. मग मी काय करायचा, सैपाकघराच्या दाराला पाठ लावून बसायचा आन दोरी वळायचा. दार लोटल्यालं. आत ती चुलीपुढं. मी हळू बोलायचा. बघनाऱ्याला वाटावं, दोरीसंगंच बोलतोय. पलटनीतलं सांगायचा, बर्फातलं सांगायचा, गाडीत कोन भेटलं ते सांगायचा. ती आतनं म्हनायची, हं. तेवडंच. सासऱ्याला आयकू जायाचं म्हनून. पर मला त्यातनं सगळं कळायचं बगा. आवडलं तर येगळं हं, काळजी वाटली तर येगळं. असा संसार केला, तात्या. दारातनं."

आवाज थांबला. मग परत आला.

"पेन्शन आली तवा म्हनलं, आता येगळं बिऱ्हाड करायचं. समोरासमोर बसायचं. जागा बी बघितली. तवर ती गेली. हितं आलो. एकदा पोरांची रांग आत सोडताना त्या पेटीत बघितलं. मधी जाळी. पल्याडचा मानूस दिसत न्हाई. निस्तं हं म्हनतोय. मी फादरना इचारलं, मला बसता येतंय का? ते म्हनलं, पापाची माफी मला तुमाला देता येनार न्हाई, पर आयकीन. म्हनलं, माफी कुनाला पायजे हाय? आयका म्हंजे झालं."

फादर टेबलावरच्या कागदांकडं पाहत होते.

"मग शनवारी जातो. हप्त्याचं सगळं सांगतो. कोन्या पोरानं रस्सा चोरून खाल्ला. मास्तर कसं घाबरून आ करत्यात. सुमन भाकरी कशी करती. आईवानीच, कडंला पातळ. फादर हं म्हनत्यात. त्यांचं हं काय तिच्यावानी न्हाई. सर्दीचं हाय. पर चालतं."

आता फादरांना रुमाल काढावा लागला. सर्दी खरंच होती.

"आन गेला म्हैनाभर तुमच्याच घराचं सांगतोय, तात्या. घर चांगलं, पोरगा चांगला. पर मला एक शक हाय. सुपारीच्या दिशीच इचारायचं व्हतं, जीभ वळली न्हाई. पोरगी तुमच्याकडं नवऱ्याम्होरं बसून बोलंल का दाराआडनं? तेवडं सांगा. मग बाटगा म्हना न्हाईतर काय बी म्हना."

तात्यांचा हात खिशात गेला होता, तो तिथंच राहिला. मी खाली बघत होतो.

आणि मग दारापलीकडून आवाज आला, "हं."

तो हवालदारांचा आवाज नव्हता. बाईचा होता. तात्यांनी झटकन मान वळवली. व्हरांड्यात भिंतीला टेकून काकू बसल्या होत्या, हे आम्ही तिघंही विसरून गेलो होतो.

"पावनं," काकू बाहेर म्हणत होत्या, "माजं लगीन होऊन एवडी वर्सं झाली, मी बी दाराआडच हाय. आत्ता बी बगा. आत खुर्च्या हायत्या, आन मी फरशीवर."

"हं," हवालदार म्हणाले.

"ह्यांनी बागंचं सांगत्यात. बेदाण्याचं सांगत्यात. माजं कोन आयकतंय? दोन वर्सं झाली, ह्यो गुडघा धरलाय. ह्यांस्नी ठावं बी न्हाई."

"हं."

"पर माजी सून समोर बसंल. सोप्यात बसंल. पोराला मी सांगनार हाय, तिच्याम्होरं बस, तिचं आयक. आन कुनी काय म्हनलं तर मी हाय की. लय दिस गप ऱ्हायली मी."

"हं," हवालदार म्हणाले, आणि त्या 'हं'ला मध्येच नाक ओढल्याचा आवाज आला.

काकू बोलतच होत्या. माहेरच्या चिंचेचं सांगत होत्या, मेलेल्या सासूचं सांगत होत्या, शेडमध्ये बेदाणा निवडताना पाठ कशी भरून येते ते सांगत होत्या. मी दार उघडायला उठलो, तसा तात्यांनी हात वर करून मला थांबवलं. ते कान देऊन ऐकत होते. थोड्या वेळानं फादरांकडं वाकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले, "लय बोलती की वो ही."

बाहेर काकूंचा आवाज जरा वाढला. आता त्या हवालदारांशी बोलत नव्हत्या, दाराशी बोलत होत्या.

"आयकलंसा न्हवं आत? आखितीचा म्हूर्त ठरलाय त्योच. आन पोरीचं नाव परत असं काढायचं न्हाई."

तात्यांनी खिशातला हात रिकामाच बाहेर काढला. बंद दाराकडं बघत, बसल्या जागेवरून ते हळूच म्हणाले, "हं."